पाना आधी, पिकअप नंतर

बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की जळालेल्या पाणबुडी मोटरी दारापर्यंत रांगेनं पडलेल्या असतात आणि त्यांच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, कुणाची तरी बेस गिटार टांगलेली असते. मोटर घेऊन आलेला शेतकरी हमखास विचारतो, "हे काय बाप्पा? गिटारले चारच तारा?" मी म्हणतो, ही पण मोटरच, फक्त उलटी. मोटरीत वीज सोडली की लोखंड फिरतं. इथं लोखंडाची तार हलली की वीज तयार होते. खाली चुंबक, त्याभोवती तांब्याचे वेढे (हा झाला पिकअप), वर पोलादी तार. विद्या तीच आहे, वेढ्यांची तार तेवढी फार बारीक.

हे काम माझ्याकडे आलं ते ऑर्केस्ट्रामुळे. तरुणपणी घाटावर आणि घाटाखाली लग्नांत, गणपतीत, १४ एप्रिलच्या कार्यक्रमांत मी बेस वाजवायचो. दुरुस्तीला मुंबई-पुण्याला पाठवणं परवडायचं नाही, म्हणून आपलाच स्क्रू ड्रायव्हर आणि आपलंच सोल्डर. आता ऑर्केस्ट्रा राहिले नाहीत, पण बेस वाजवणारी पोरं वाढलीत. भीमगीतांच्या पार्ट्यांत आहेत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आहेत आणि चर्चमध्ये तर आहेतच. वऱ्हाडात अलायन्स मिशनचं काम शंभर वर्षांहून जुनं. उपासनेत पेटी-तबल्याशेजारी गिटार केव्हाच येऊन बसली, आता तिच्यामागे बेस येतोय.

डीजेवाल्यांचा बेस म्हणजे छातीत बसणारा धक्का. त्याचं इथं काही काम नाही. बेस गिटार धक्का देत नाही, सूर देते. तिची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते, त्यापुढच्या ५५, ७३ आणि ९८ वेळा. साध्या गिटारच्या जाड चार तारांचेच हे सूर, बरोबर एक सप्तक खाली. ढोलकीचा ठेका आणि गायकाचा सूर यांची गाठ हीच तार मारते. राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे. त्या काळातली गाणी चांगल्या हेडफोनवर लावा आणि बाकी सगळं सोडून फक्त खालचा सूर धरून ठेवा. आजवर ज्याला आपण "गाण्यातला डौल" म्हणत आलो, तो कोण देत होतं ते कळेल.

आता या वाद्याच्या जन्माची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सिॲटलच्या पॉल टुटमार्कनं फ्रेट, म्हणजे पडदे, असलेला विजेचा बेस बनवून पाहिला होता, पण तो फार चालला नाही. बेस खऱ्या अर्थानं रुजवला लिओ फेंडरनं. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! तोवर खालचा सूर द्यायला डबल बेस असायचा: माणसापेक्षा उंच, पोटातून पोकळ, मोटारीत न मावणारा आणि पडदे नसल्यामुळे बोट जरा सरकलं की बेसूर. फेंडरनं १९५१ मध्ये भरीव लाकडाचं, आडवं गळ्यात अडकवायचं वाद्य आणलं आणि त्यावर फ्रेट ठोकले. बोट थोडं इकडेतिकडे पडलं तरी सूर अचूक, म्हणून नाव दिलं प्रिसिजन बेस. तारेची वाजती लांबी त्यानं ३४ इंच ठरवली. १९५७ मध्ये त्यावर दोन तुकड्यांचा पिकअप आला, १९६० मध्ये बारीक मानेचा जॅझ बेस आला. आज बाजारात मिळणारे बहुतेक बेस याच दोन साच्यांतून निघालेले आहेत.

दुरुस्तीवाल्याची अक्कल त्यात जागोजागी दिसते. मान डिंकानं चिकटवलेली नाही, चार स्क्रूंवर बसवलेली आहे. झिजली की काढा, दुसरी लावा. वायरिंग झाकणाखाली, प्रत्येक तारेच्या उंचीला वेगळा स्क्रू, लांबीला वेगळा. म्हणजे हे वाद्य उघडण्यासाठीच बनवलंय. आपल्याकडे मात्र लोक ते देव्हाऱ्यातल्यासारखं जपतात. हजारो रुपये मोजून आणतात, खोक्यातून निघालं तसं वाजवतात आणि बोटं दुखली की म्हणतात, "काका, हा बेसच खराब निघाला, दुसरा घ्यावा लागते." माझं म्हणणं इतकंच आहे की खोक्यातून निघालेला बेस अर्धाच तयार असतो. उरलेला अर्धा आपण करायचा असतो आणि त्याला पैसे फारसे लागत नाहीत.

घ्यायचा कुठून? खामगाव-अकोल्याच्या वाद्यांच्या दुकानांत पेटी, ढोलकी, ऑक्टोपॅड, बॉक्स गिटार मिळते. बेस मागितला की उत्तर येतं, "ऑर्डर द्या, मागवून देतो." चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना गाडीची वाट आमच्या आजोबांनीही पाहिली. म्हणून ज्याला हातात घेऊन बघायचंय तो मलकापूर नाहीतर शेगावहून रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठतो. धोबीतलावचं फुर्टाडोज १८६५ पासून वाद्यं विकतंय, तिथं चार बेस गळ्यात अडकवून बघता येतात. बाकीचे ऑनलाइन मागवतात, त्यातही गैर काही नाही. यामाहा, आयबानेझ, कॉर्ट आणि फेंडरचाच कमी किमतीचा ब्रँड स्क्वायर यांचे सुरुवातीचे बेस पंधरा ते पंचवीस हजारांच्या घरात असतात. कोलकात्याच्या गिवसनचे त्याहून स्वस्त पडतात. कुठलं नाव भारी यावर पोरं माझ्या दुकानात तासन्‌तास भांडतात; मी वायंडिंग करत ऐकतो. या किमतीत एकाच कंपनीच्या दोन नगांतला फरक दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा जास्त असू शकतो. म्हणून नाव कमी बघा, नग जास्त बघा.

नग बघायचा म्हणजे आधी मान. बेस उचलून बंदुकीसारखा डोळ्यासमोर धरा आणि मानेच्या कडेवरून नजर टाका. किंचित बाक चालतो, नव्हे हवाच असतो. पीळ चालत नाही. एक कड वर आणि दुसरी खाली दिसली की किंमत न विचारता परत ठेवा, कारण बाक पान्यानं जातो, पीळ जात नाही. मग मानेच्या टोकाशी ट्रस रॉडचं भोक बघा. ट्रस रॉड म्हणजे मानेच्या पोटातून गेलेली पोलादी सळई. तिच्या षट्कोनी खाचेचे कोपरे घासून गोल झाले असतील तर आधीच्या मालकानं तिच्याशी झटापट केली आहे. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो. फेंडर घराण्याच्या बेसमध्ये हा जुनाच दोष आहे, महागड्यांतही असतो. मानेचं लाकूड त्या सुराला स्वतःच हलतं आणि तारेची ताकद खाऊन टाकतं. थोडा असेल तर घ्या, सूर पार मरत असेल तर दुसरा नग मागा. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. लहान मुलांसाठी आणि छोट्या हाताच्या माणसांसाठी ३० इंची बेस मिळतात. मेहकरकडच्या एका शिक्षकांच्या मुलीला मी तोच घ्यायला लावला. ३४ इंचीवर तिचं करंगळीचं बोट पोचत नव्हतं आणि ती स्वतःलाच दोष देत होती.

हाती पंचवीस हजार असतील तर पंचवीसचा बेस घेऊ नका. सोळा-सतराचा घ्या. उरलेल्यांत रुंद पट्टा, चांगल्या तारांचा जोड आणि डीआय बॉक्स बसवा. हा डीआय बॉक्स काय, ते पुढे येईल.

बोटं जिथं फिरतात त्या पट्टीचं लाकूड बघा, गंमत आहे. जुन्या बेसवर ब्राझीलची शिसव असायची. ती मिळेनाशी झाली तशी साठच्या दशकापासून जगभरचे गिटारवाले भारतीय शिसवीकडे वळले. २०१७ मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रांचा फास बसला, तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली. तेवढ्यात स्वस्त बेसच्या जाहिरातीत 'इंडियन लॉरेल' दिसू लागलं. हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. आपल्याच जंगलाचं झाड इंग्रजी नाव लावून कुरिअरनं परत येतं.

आता सेटअप, म्हणजे तो उरलेला अर्धा. हत्यारं महागडी लागत नाहीत. टू-व्हीलरच्या पार्टच्या दुकानातून टॅपेट सेटिंगचं फिलर गेज घ्या. हार्डवेअरवाल्याकडून ॲलन कीचा जोड आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी घ्या. ट्यूनर मोबाइलवर फुकट मिळतो. क्रम मात्र मोडायचा नाही, कारण प्रत्येक पायरी पुढचीला हलवते.

आधी तारा नव्या, त्याच जाडीच्या ज्या पुढे वापरणार आहात, आणि सुरात. सुरात आल्यावर चारही तारा मिळून मानेला पाऊणशे ते ऐंशी किलोनं ओढतात. ढिल्या तारांवर केलेलं माप फुकट जातं. मग मानेचा बाक. जाड तार पहिल्या फ्रेटवर डाव्या हातानं दाबा आणि मान धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर उजव्या कोपरानं किंवा दुसऱ्या माणसाकडून दाबून घ्या. आता ती तारच सरळ पट्टी झाली. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर, तार आणि फ्रेट यांच्यात फिलर गेजचं ०.३० मिलिमीटरचं पान हलकेच सरकलं पाहिजे. जास्त फट असेल तर ट्रस रॉड आवळायचा, घड्याळाच्या दिशेनं. फटच नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावायचा, पुन्हा मोजायचं. पाना जड लागला की थांबायचं. आतली सळई तुटली तर मानच गेली, आणि तिथं रिवायंडिंग चालत नाही.

बाकाला थोडी जागा ठेवायची ती का? हलणारी तार मध्यभागी सगळ्यात जास्त झुलते. मान पार सरळ केली तर तार फ्रेटला आपटून खणखणते. फार बाक ठेवला तर तार उंच जाते, बोटं सोलतात आणि दाबताना सूर चढतो. माप या दोहोंच्या मधलं आहे.

त्यानंतर उंची. सतराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा. जाड तारेखाली २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर ठेवा. फेंडर कंपनीचं मापही याच्याच आसपास आहे. ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या सॅडलचे दोन छोटे स्क्रू फिरवले की होतं. सॅडल पार खाली टेकली तरी तार उंचच राहत असेल, तर मान ज्या खोबणीत बसते तिचा कोन चुकलाय. तारा काढा, चार स्क्रू काढा, खोबणीच्या आतल्या टोकाला जाड कागदाची चीप ठेवून मान परत आवळा. मी लग्नपत्रिकेचा तुकडा वापरतो. वैशाखात आमच्याकडे त्याला तोटा नसतो.

मग सुराची लांबी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून वाजवा, घंटीसारखा सूर निघेल. आता तिथंच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, उतरता असेल तर पुढे आणा. जाड तार ताठ असते आणि दाबताना ताणलीही जाते, म्हणून तिची सॅडल सगळ्यात मागे जाते आणि ब्रिजवर चार सॅडल तिरक्या रांगेत उभ्या राहतात. त्या सरळ रेषेत 'नीट' लावून आणलेला बेसही मी पाहिला आहे. मालकाला रांग आवडली होती.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम सोडून तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि त्या गावाचं नाव देशभर झालं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर कानस मारून जवारी काढतो. तार घोडीला किती घासली पाहिजे, हे तो सुताच्या दोऱ्यानं आणि कानानं ठरवतो. त्याला तारेची घासट हवी असते, आपल्याला ती नको असते. बाकी नजर एकच. आणि तानपुरा विकत घेतला म्हणजे जवारी आपोआप आली, असं कुठलाही गवई समजत नाही. बेसवाल्यांनीच तेवढं का समजावं?

एकदा सेटअप केला म्हणजे जन्माची सुटका, असं मात्र नाही, आणि बुलढाणा जिल्ह्यात तर नाहीच. मे महिन्यात मलकापूर-खामगावकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, हवा कोरडीठाक होते. मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन तळहाताला खरचटतात. जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगतं. घाटाखालून घाटावर बुलढाण्याला कार्यक्रमाला आलं तरी हवा बदलते. मान कुठल्या बाजूला वाकेल ते त्या त्या लाकडावर असतं, म्हणून पाठांतर नको, मोजमाप हवं. मी पोरांना तीन तारखा सांगून ठेवल्यात: सिंदखेडराजाच्या १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीआधी, भीमजयंतीआधी आणि गणपतीआधी फिलर गेज काढायचं. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा आपोआप येतात.

आणि कूलर! दुपारभर डेझर्ट कूलरच्या ओल्या झोतात उभा ठेवलेला बेस संध्याकाळी छोटा हत्ती टेम्पोत टाकून उन्हात न्यायचा, यानं जितक्या माना बिघडतात तितक्या वाजवण्यानं बिघडत नाहीत. कूलर माणसासाठी आहे. बेस आतल्या खोलीत, खोळीत ठेवा. कुरिअरनं नवा आला तर खोकं लगेच फोडून सूर लावू नका, एक रात्र घरच्या हवेत राहू द्या.

मंडपात उभे राहिलात की पहिली तक्रार असते, "काका, हा घूं आवाज काऊन येऊन राह्यला?" तो आपल्या विजेचा आवाज आहे, सेकंदाला ५० फेऱ्यांचा. पिकअपचे वेढे तारेची हालचाल जशी पकडतात, तशी शेजारच्या वायरींची आणि डिमरच्या दिव्यांची वीजही पकडतात. तारांना हात लावला की घूं कमी होत असेल तर बेसची अर्थ वायर जागेवर आहे, फक्त आतलं आवरण कमी पडतंय. तांब्याची चिकट पट्टी आणून पिकअप आणि बटणांच्या खोबणी आतून मढवा, पट्ट्या एकमेकींना आणि अर्थला सोल्डर करा. स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागदही अडवतो, पण त्याला साधं सोल्डर धरत नाही. हात लावल्यावर घूं उलट वाढत असेल तर आधी दोष शोधा. बहुधा ब्रिजखालची वायर सुटलेली असते किंवा जॅक फिरून फिरून आतली तार तुटलेली असते. दुकानात सगळ्यात जास्त येणारा आजार तोच. जॅकचा नट आवळलेला ठेवला तर होत नाही.

आता जिवावरचं. बेसच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि वाजवणारा गातही असेल तर त्याचे ओठ माइकच्या जाळीला लागतात. ॲम्प्लिफायर एका बोर्डावर, मिक्सर जनरेटरवर, कुणाच्या तरी प्लगची तिसरी पिन कापलेली, आणि मध्ये घामानं भिजलेला माणूस. १९७२ मध्ये स्वान्सी इथं लेस हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक भर कार्यक्रमात माइकला हात लावताच विजेच्या धक्क्यानं गेला. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसीवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा शून्याजवळ असेल तरच गळ्यात पट्टा. सगळा साज एकाच बोर्डावर आणि त्या बोर्डाला खरं अर्थिंग, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातलं. मंडपवाल्याला राग आला तर येऊ द्या.

डीआय बॉक्सही इथलाच. बॅटरी नसलेला बेस सरळ मिक्सरला जोडला तर आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो, कारण मिक्सरचं साधं तोंड पिकअपवर फार ओझं टाकतं आणि वरचे स्वर गिळतं. डीआय बॉक्स ते ओझं स्वतः झेलतो आणि लांब केबलमधून सिग्नल स्वच्छ पुढे पाठवतो. पोरं पिकअप बदलायला माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी विचारतो, "डीआय आहे का बापू?" बहुतेकांचा पिकअप तिथंच वाचतो.

कधी कधी मात्र पिकअप खरोखर मेलेला असतो. मागच्या उन्हाळ्यात एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा जुना बेस आला, प्रिसिजनच्या साच्याचा. मीटर लावला तर दोन तुकड्यांपैकी एक पार तुटलेला. घामाच्या मिठानं तार खाल्ली होती. मोटरीला मी वापरतो ती वीस-बावीस नंबरची. नंबर वाढेल तशी तार बारीक. पिकअपला लागते ४६ नंबर, मिलिमीटरचा सोळावा हिस्सा. ती मुंबईच्या लोहार चाळीतून मागवली. मोटरीचं वायंडिंग मशीन इथं फार आडदांड पडतं, म्हणून शिलाई मशीनची मोटर आणि तिचा पायातला पॅडल घेतला, टोकाला पिकअपचा सांगाडा बसवला, शेजारी जुन्या मशीनचा काउंटर. पंखा बंद, कारण पंख्याच्या वाऱ्यानंही तार तुटते. ती चिमटीतल्या लोकरी कापडातून सोडायची: घट्ट धरली तर तुटते, सैल सोडली तर वेढे फुगतात. दहा हजारांच्या आसपास वेढे, म्हणजे बोटभर सांगाड्यावर जवळपास एक किलोमीटर तार. मीटरवर साडेपाच हजार ओहमच्या जवळ आकडा आला की थांबायचं.

आणि दिशा. एका तुकड्याचं चुंबक उत्तर वर करून असेल तर दुसऱ्याचं दक्षिण वर, आणि वेढेही उलट्या दिशेनं. बाहेरची घूं दोघांत सारखीच शिरते, पण वेढे उलटे असल्यानं एकमेकांना खोडते. तारेचा सूर मात्र चुंबकही उलटं आणि वेढेही उलटे, म्हणून दोनदा उलटून सुलटा होतो आणि उरतो. १९५७ ची ही युक्ती. एक तुकडा चुकून सुलटा गुंडाळला तर पिकअप वाजतो, पण घूंही राहते, आणि कुणाच्या लक्षात येत नाही की का.

शेवटी मेण. मोटरीला आम्ही वार्निश पाजून भट्टीत वाळवतो, पिकअपला पॅराफिन आणि थोडं मधमाशीचं मेण. भांडं गरम पाण्यात ठेवून मेण पासष्ट अंशांवर धरायचं, त्याहून तापलं तर सांगाडा वाकतो. पिकअप बुडवला की बारीक बुडबुडे येतात. ते थांबले म्हणजे वेढ्यांतली हवा गेली. हे केलं नाही तर मोठ्या आवाजात सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकअप किंचाळतो.

बाकीच्या सुधारणांबद्दल माझं मत जरा खडूस आहे. टोनच्या बटणावरचा ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून शंभरपट महागडा लावल्यानं बेस गोड होतो, यावर माझा विश्वास नाही. मायक्रोफॅरड तेवढेच असतील तर काम तेच. जड ब्रिज दिसायला छान. पॉट, म्हणजे बटणाखालचा फिरता रेझिस्टर, बदलायचा असेल तर २५० किलो-ओहमचाच घ्या, टीव्ही दुरुस्तीतला उरलेला ढकलू नका. तारांवर मात्र पैसा सोडा. गोल वेढ्याच्या तारा चमचमतात, चपट्या वेढ्याच्या गुळगुळीत वाजतात, बोटाची करकर येत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा जेम्स जेमर्सन प्रिसिजनवर चपट्या तारा चढवायचा आणि तुटेपर्यंत काढायचा नाही. अख्खी अमेरिका त्याच्या तारांवर नाचली. भजन, भीमगीत, जुनी सिनेमातली गाणी वाजवणाऱ्यानं एकदा त्या लावून बघाव्या.

खामगावचा एक पोरगा बेसचे फ्रेटच उपटून द्या म्हणून आला. जाको पास्टोरियसचे व्हिडिओ पाहून डोकं फिरलं होतं. जाकोनं आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे फ्रेट काढून खाचा भरल्या, वर होड्यांना लावतात तो इपॉक्सी चढवला आणि १९७६ च्या पहिल्याच अल्बमनं जगाला वेड लावलं. पोराकडे बेस एकच, आणि पुढच्या आठवड्यात लग्नाचे कार्यक्रम. मी त्याच्या मानेची रुंदी धडाजवळ मोजली: साडेत्रेसष्ट मिलिमीटर, फेंडरचं नेहमीचं माप. म्हटलं, हिला हात लावायचा नाही, दुसरी जुनी मान शोध. मिळाली, फ्रेट गेलेलीच. तिच्या खाचा लाकडाच्या पातळ चिपांनी भरून घासून दिल्या. आता त्याच्याकडे एक धड आणि दोन माना आहेत. लग्नाला फ्रेटवाली, घरी रियाजाला बिनफ्रेटची. चार स्क्रू काढायचे, चार आवळायचे, बाक मोजायचा. फिलर गेज त्यानं स्वतःचं घेतलंय.